मागितलेल्या माहितीचा तपशील

राजकुमारने हाताने लिहिलेला कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "ताई, एवढं टाइप करून द्या. काकांचं अक्षर झ्याक हाय, पण हापिसात टाइप केलेलं बरं दिसतं."

काका म्हणजे गल्लीच्या तोंडाशी राहणारे अनंतराव. बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत टपाल सांभाळून निवृत्त झालेले. गल्लीत कुणाचं कुणाशी काहीही बिनसलं तरी अर्ज त्यांच्याच हातचा. माणूस वाईट नव्हता. फक्त समोरच्याला काय झालंय यापेक्षा ते कुठल्या कलमात बसतं, यात त्यांचा जीव जास्त रमायचा.

तनुजाने कागद उचलला. माहितीच्या अधिकाराचा अर्ज होता. असले अर्ज तिने शेकड्यांनी टाइप केले होते. रस्त्याचे, नळाचे, शाळेच्या अनुदानाचे. सवयीने तिची नजर वरचा मजकूर सोडून खाली गेली.

"मागितलेल्या माहितीचा तपशील. एक, दिनांक नऊ रोजी दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान माझ्या राहत्या घरासंबंधी एकशे बारा या क्रमांकावर कॉल करणाऱ्या व्यक्तीचे नाव. दोन, सदर व्यक्तीचा मोबाईल क्रमांक. तीन, सदर कॉलचे ध्वनिमुद्रण."

ते नाव तनुजाचं होतं. ध्वनिमुद्रणातला आवाजही तिचाच. मोबाईल क्रमांक मात्र तिचा नव्हता, आणि खरी भानगड तिथेच होती.

"काय झालं? अक्षर लागंना का?" राजकुमारने स्टूल ओढलं आणि तो तिच्या शेजारीच बसला. गिऱ्हाईक काउंटरच्या पलीकडे उभं राहतं. हा आत येऊन बसला.

"लागतंय की," ती म्हणाली आणि टाइप करू लागली. 'ध्वनिमुद्रण' तिने तीनदा चुकवलं. अख्ख्या मुकुंदवाडीत टायपिंगची चार दुकानं असताना हा अर्ज माझ्याकडेच का आणला? दुकान दाराशी आहे म्हणून? की माझा चेहरा बघायला? ती पडद्याकडे बघत राहिली आणि राजकुमार तिच्याकडे. निदान तिला तरी तसंच वाटलं.

आता घराची रचना सांगायला हवी, कारण सगळं त्या रचनेतूनच उपजलं. स्टेशनच्या मागच्या गल्लीत राजकुमारचं घर. पुढे रस्त्याला लागून गाळा, त्यात तनुजाचं दुकान. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पॅनकार्ड. मध्ये राजकुमार आणि त्याची बायको मेघा. मागे पत्र्याच्या खोलीत लीलाबाई, सिल्लोडकडची म्हातारी विधवा, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवून पोट भरणारी. म्हणजे दोघीही भाडेकरू. तनुजाचा नवरा कृष्णा कंपनीत कामाला होता, पण घर खऱ्या अर्थाने चालायचं ते या गाळ्यावर. भाडेपत्रं दर अकरा महिन्यांनी तनुजाच तयार करायची आणि त्यावर घरमालक म्हणून नाव असायचं मेघाचं. प्लॉट घेताना बाईच्या नावावर सवलत मिळते म्हणून राजकुमारने खरेदीखत बायकोच्या नावाने केलं होतं. सहीपुरता तो मेघाला दुकानात बोलवायचा, जागा बोटाने दाखवायचा आणि सही झाली रे झाली की म्हणायचा, "जा, चहा टाक." मेघाने एकदाही तो कागद वाचलेला तनुजाने पाहिला नव्हता.

गाळा आणि घर यांच्यामध्ये चार इंची भिंत. प्लॉटिंगच्या धंद्यात दुसऱ्यांना पक्की घरं दाखवत फिरणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरात मात्र भिंतीची बचत केली होती.

त्या भिंतीतून तनुजाला तीन वर्षं सगळं ऐकू यायचं. आधी त्याचा आवाज, मग भांडं, मग मेघाचं "नगा ना, नगा ना". तनुजा तेव्हा झेरॉक्सचं मशीन चालू करायची. गरज नसली तरी कोरे कागद काढायची. याची तिला लाज वाटायची, आणि तरीही पुढच्या वेळी ती मशीनच चालू करायची.

नऊ तारखेच्या दुपारी मशीन चालू करूनही भागेना. मेघाचा आवाज एकदम बंद झाला आणि त्याचा मात्र चालूच राहिला.  तनुजाने स्वतःचा मोबाईल उचलला आणि परत ठेवला. तिचा नंबर राजकुमारच्या फोनमध्ये 'तनुजा झेरॉक्स' म्हणून होता. पोलीस आले, नंबर कुठे दिसला, कुणी बोललं, की गाळा गेलाच. आणि तेवढ्यात तिची नजर टेबलावरच्या दुसऱ्या फोनवर गेली. लीलाबाईचा. लाडक्या बहिणीच्या हप्त्याचं काही अडलं होतं, त्याचा ओटीपी येणार म्हणून म्हातारी फोन सकाळीच तिच्याकडे ठेवून गेली होती. सगळ्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांचे फोन असेच तनुजाच्या टेबलावर पडलेले असायचे.

तिने तो उचलला, मशीनच्या मागे खाली बसली आणि एकशे बारा लावला. "मुकुंदवाडी, स्टेशनच्या मागची गल्ली, झेरॉक्सच्या दुकानाला लागून. बाईला मारायला लागलेत. तिचा आवाज येईना झालाय. लवकर या. माझं नाव विचारू नका." एवढंच. मग यादीतून तो कॉल पुसून टाकला. थोड्या वेळाने पत्ता विचारायला गाडीवरच्या पोलिसाने त्याच नंबरवर फोन केला, तर तिने सरळ फोन बंद केला.

पोलीस तरीही आले. मेघा दारात उभी राहून म्हणाली, "काय नाय साहेब, पाय घसरला." ओठ फुटलेला होता. पोलिसांनी राजकुमारला गाडीपाशी नेऊन बराच वेळ सुनावलं, नाव-पत्ता लिहून घेतला, आणि हे सगळं भर दुपारी अख्ख्या गल्लीसमोर झालं. त्या दिवसापासून भिंतीपलीकडे हात उगारणं थांबलं होतं. राजकुमारला मार खाणाऱ्या बायकोची नव्हे, गल्लीसमोर झालेल्या शोभेची लाज वाटली होती. आता त्याला ती शोभा करणारा माणूस हवा होता.

"तारीख नीट टाका," तो म्हणाला. "आन ताई, त्या दुपारी तुम्ही दुकानातच व्हत्या ना?"

"जेवायला गेले होते घरी."

"मशीन चालू व्हतं म्हणं, दुकानातलं."

"चालूच ठेवून जाते मी. गरम राहतं."

"असं का," तो म्हणाला. प्रिंट घेतली, सही केली, दहा रुपयांचं तिकीट चिकटवलं आणि गेला. जाताना स्टूल मात्र आतच ठेवून गेला, आणि तनुजाला तेही मुद्दाम केल्यासारखं वाटलं.

त्यानंतरचे दिवस तिचे काही खरे नव्हते. काउंटरवर येणारा प्रत्येक माणूस तिला राजकुमारने पाठवलेला वाटे. अनंतराव सहज म्हणाले, "तनुजाबाई, एकशे बाराचे सगळे कॉल रेकॉर्ड होतात बरं का," तर तिला रात्रभर झोप नाही. पण सगळ्यात जास्त संशय तिला आला तो मेघाचा. मेघा आधी येताजाता दोन शब्द बोलायची. आता खाली मान घालून जायची. एकदा तनुजाने पाहिलं, मेघा अंगणात राजकुमारशी बोलत होती आणि तिचा हात दुकानाच्या दिशेने होता. झालं, तनुजाने मनाशी धरलं. हिला कळलंय, आणि ही आज ना उद्या सांगणार. जिच्यासाठी केलं तीच आपल्याला बुडवणार, असं तिने कृष्णाला सांगितलंसुद्धा. तो म्हणाला, "कुणी सांगितलं होतं तुला पंचाईत करायला?" त्यावर दोन दिवस ती त्याच्याशीही बोलली नाही.

रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून राजकुमारचा प्रश्न यायचा. "कुणी केला? तुला ठाऊक हाय. सांग." आणि मेघाचं उत्तर, एकाच पट्टीत, "मला नाय ठाऊक." तनुजा कान लावून बसायची. आज फुटेल, उद्या फुटेल.

फुटलं ते भलतीकडूनच. पाण्याचा दिवस होता. आठवड्याने नळ आलेला, त्यामुळे सगळी गल्ली पाइप, बादल्या, ड्रम घेऊन बाहेर. लीलाबाईचा फोन वाजला. लीलाबाईला कमी ऐकू यायचं, म्हणून तिचा फोन कायम स्पीकरवर. तशी सोय तनुजानेच करून दिली होती. म्हातारीने हिरवं बटण दाबलं आणि एक गोड आवाज गल्लीभर घुमला.

"नमस्कार. दिनांक नऊ रोजी आपण या नंबरवरून एकशे बाराला कॉल केला होता. आपल्याला पोलीस मदत वेळेत मिळाली का?"

अभिप्राय घ्यायचा हे त्या मुलीचं कामच, ती बिचारी ते करत होती. लीलाबाईला त्यातला 'मिळाली का' एवढाच शब्द लागला. हप्त्याची चौकशी आहे असं समजून ती जोरात म्हणाली, "व्हय व्हय, मिळाली माय. लई उपकार झाले."

"आपण समाधानी आहात का?"

"लई समाधान हाय. लेकराबाळासहित सुखी राहा."

फोन बंद झाला. गल्लीत फक्त पाइपातल्या पाण्याचा आवाज राहिला. राजकुमारची बादली भरून वाहत होती आणि तो लीलाबाईकडे बघत होता. लीलाबाई सगळ्यांकडे बघून हसली, कारण तिच्या मते हप्ता मिळाला होता.

"म्हणजे तू व्हय?" राजकुमार म्हणाला. "माझ्याच पत्र्याखाली राहून?"

म्हातारीला समजावून सांगायलाच पाच मिनिटं लागली. मग ती घाबरली, रडली, शपथा घेतल्या. "मी कशाला करू बाबा? मला नंबर लावता येतो का? मला नुस्तं हिरवं दाबता येतं." पण तिने स्वतःच्या तोंडाने 'व्हय' म्हटलेलं सगळ्यांनी ऐकलं होतं. राजकुमारने महिनाअखेर खोली खाली करायला सांगितलं. पासष्ट वर्षांची बाई, सिल्लोडला भावकीने कधीच हात वर केलेले. जायचं कुठे, हे कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी लीलाबाई दुकानात आली. फोन पदरात बांधून आणला होता. "तनू, तूच बघ गं यात. कदी केलाय का म्या फोन? दाबला गेला आसंल का चुकून?"

तनुजाने फोन हातात घेतला. ज्या यादीतून तिने स्वतः तो कॉल पुसला होता ती यादी तिने वर-खाली केली. "काही दिसत नाही मावशी," ती म्हणाली.

"मंग माझाच हात लागला आसंल," लीलाबाई म्हणाली. "म्हातारपणी हात थरथरतो. मेघीला सांग, म्हणाव चूक झाली." आणि ती फोन पुन्हा पदराला बांधून निघून गेली. तनुजाला त्या क्षणी स्वतःचा इतका तिटकारा आला की तिने दुकानाचं शटर ओढलं आणि आत अंधारात बसून राहिली. पण म्हातारीला हाक मारून परत बोलावलं नाही, हेही खरं.

एका गोष्टीवर तिची आशा टिकून होती आणि ती गोष्ट मोठी विचित्र होती. अर्जाचं उत्तर येईल, ध्वनिमुद्रण मिळेल, आवाज म्हातारीचा नाही हे सगळ्यांना ऐकू येईल. म्हणजे लीलाबाई सुटेल. आणि आपण अडकू. रोज ती हे उत्तर येऊ नये म्हणून देवाला हात जोडायची आणि यावं म्हणूनही.

उत्तर आलं शुक्रवारी. सगळ्या घराचं टपाल पोस्टमन दुकानातच टाकायचा. राजकुमारने तिच्यासमोरच पाकीट फोडलं आणि कागद सोबत आणलेल्या अनंतरावांना वाचायला दिला. अनंतरावांनी चष्मा पुसून एकेक शब्द चावून वाचला. कॉल करणाऱ्याचं नाव, क्रमांक आणि आवाज ही व्यक्तीची खासगी माहिती असून ती उघड केल्यास तिच्या जीवितास किंवा सुरक्षिततेस धोका पोचू शकतो. सबब माहिती नाकारण्यात येत आहे.

"बरोबर आहे त्यांचं," अनंतराव म्हणाले. "अपील करता येईल, पण मिळायचं नाही. कायद्याने ते नाव कायमचं झाकलेलं राहणार."

तनुजा सुटली होती. आता कुणालाही कधीच कळणार नव्हतं. हे तिच्या लक्षात आलं आणि त्याच्या मागोमाग दुसरंही लक्षात आलं. नाव कायमचं झाकलेलं राहणार म्हणजे तो कॉल आता कायमचा लीलाबाईच्या नावावर राहणार.

रविवारी सकाळी टेम्पो आला. म्हातारीच्या सामानाला टेम्पो कशाला हवा होता कोण जाणे. एक ट्रंक, स्टोव्ह, आणि गोधड्यांची चार गाठोडी. लीलाबाई एका गाठोड्यावर बसून टेम्पोवाल्याला "हळू ठिव बाबा" म्हणत होती. कुठे जायचं ते अजून तिने टेम्पोवाल्याला सांगितलं नव्हतं, कारण तिलाच माहीत नव्हतं.

राजकुमार नेमका तेव्हाच अपिलाचा कागद घेऊन दुकानात आला. स्टुलावर बसला. "करा टाइप. फोन बुढीचा, ते कळलं. पर तिला बोलायला कुणी शिकवलं? मला आवाज पायजे. आवाज ऐकला की मी माणूस वळखतो."

"वाचा तुम्ही, मी करते," तनुजा म्हणाली.

तो वाचू लागला आणि ती टाइप करू लागली. पण तो वाचत होता ते नाही. तिची बोटं एकदाही चुकली नाहीत. तिने प्रिंट काढली, खाली सही केली, दुकानाचा शिक्कासुद्धा मारला आणि कागद त्याच्या हातात दिला.

"मागितलेल्या माहितीचा तपशील. एक, कॉल करणाऱ्या व्यक्तीचे नाव, तनुजा कृष्णा, झेरॉक्सवाली. दोन, मोबाईल क्रमांक, लीलाबाईचा, तिला न विचारता वापरलेला. तीन, ध्वनिमुद्रण, तोंडी ऐकवण्यात येत आहे."

तो वाचून वर बघतो न बघतो तोच ती काउंटरच्या बाहेर, ओट्यावर गेली. गल्लीत रविवारची माणसं होती, टेम्पोभोवती बघे होते, अनंतराव वर्तमानपत्र घेऊन दारात होते. तिचा आवाज आधी फाटला, मग लागला.

"मुकुंदवाडी, स्टेशनच्या मागची गल्ली, झेरॉक्सच्या दुकानाला लागून! बाईला मारायला लागलेत! तिचा आवाज येईना झालाय! लवकर या!"

 राजकुमार कागद धरून दुकानाच्या दारात उभा होता. तनुजाला आता बोलणं थांबवता येत नव्हतं. "तो आवाज हा होता, भाऊ. ओळखला ना? मावशीचा फोन माझ्याकडे पडला होता. तिला यातलं काहीच ठाऊक नाही. काढायचं तर मला काढा."

लीलाबाई गाठोड्यावरून उठली आणि हळूहळू तिच्यापाशी आली. "तनू," ती म्हणाली, "म्या तुला इचारलं व्हतं ना गं. तू बघितलंस यादीत. म्हणलीस, काय दिसत नाय."

"खोटं बोलले मावशी."

"मला वाटलं माझं डोस्कंच फिरलं," म्हातारी म्हणाली. तिने तनुजाला ना जवळ घेतलं ना शिवी दिली. परत जाऊन गाठोड्यावर बसली, आणि ते तनुजाला शिवीहून जास्त लागलं.

"भाईर काढ तुझं मशीन," राजकुमारचा आवाज आता भिंतीपलीकडचा होता. "आजच्या आज. आन तू," त्याने घराच्या दाराकडे वळून पाहिलं, "तू म्हणत व्हतीस ठाऊक नाय!"

दारात मेघा उभी होती. कधी आली कुणाला कळलं नव्हतं. ती त्याच्याशी बोलली नाही, तनुजाशी बोलली.

"मला त्याच दिवशी ठाऊक व्हतं, ताई. खाली पडले व्हते मी, भिंतीला डोकं टेकून. तुमचं सगळं बोलणं ऐकलं. भिंत काय एकाच बाजूनं पातळ हाय व्हय?"

 दीड महिना रोज संध्याकाळी येणारं ते 'मला नाय ठाऊक' तनुजाला आता पहिल्यापासून पुन्हा ऐकू आलं. जिच्यावर तिने सगळ्यात जास्त संशय घेतला, तिनेच तिचं नाव सांभाळलं होतं, आणि तेही त्याच माणसासमोर बसून.

"मावशीचा मात्र घोर लागला व्हता," मेघा म्हणाली. "तुमचं नाव न घेता तिला कसं सोडवावं, कळंना." मग तिने टेम्पोवाल्याला सांगितलं, "दादा, सामान उतरवा."

"तू कोण सांगणारी?" राजकुमार ओरडला.

मेघा दचकली. सवयीने तिचा हात तोंडासमोर गेला. गल्लीने तो हात गेलेला पाहिला, अनंतरावांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. मग मेघाने तो हात खाली घेतला.

"भाडेपत्रावर मालक म्हणून सही कुणाची असती?" ती म्हणाली. "ताई, हाय ना ते तुमच्याकडं? काढा बरं एकदा."

तनुजा आत गेली.  लीलाबाईचं एक आणि तिचं स्वतःचं एक, अशा दोन प्रती तिने काढल्या. मेघा दुकानात आली, राजकुमारच्या अंगावरूनच आली, आणि त्याने ओढून ठेवलेल्या स्टुलावर बसली. तनुजाने सवयीने शेवटचं पान, सहीचं, वर काढून दिलं.

"तसं नाय," मेघा म्हणाली. "पयलं पान द्या."

आणि डोक्यावरचा पदर सारखा करून ती पहिल्या ओळीपासून, एकेका शब्दावर बोट ठेवत, मोठ्याने वाचू लागली.